दात राखण्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी रेडिओच्या स्टुडिओत माझ्या कवितांचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. दोन कविता झाल्या आणि काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने मला हाताने थांबवलं. म्हणाला, "सर, तुमचा 'स' शिट्टीसारखा येतोय. पुन्हा घेऊ या." पुन्हा घेतलं. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी तो बिचारा काही बोलला नाही, पण मला कळलं. माझा वरचा एक पटाशीचा दात पडून तेव्हा महिना झाला होता. घरात बोलताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मायक्रोफोनने मात्र चहाडी केली.

शाळेत गुरुजींनी शिकवलेलं आठवलं. क, ख, ग हे कंठ्य. प, फ, ब हे ओष्ठ्य. आणि त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य. तेव्हा ते नुसतं पाठ केलं होतं, अर्थ कळला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर. कवीची सगळी इस्टेट म्हणजे वर्ण. त्यातले सात मी निष्काळजीपणाने धोक्यात घातले होते.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. तोंडात छोटा आरसा घालून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हिरड्यांतून रक्त कधीपासून येतं?" मी म्हटलं, "असतील दहा वर्षं." "मग दहा वर्षं आला का नाहीत?" मी म्हटलं, "दुखत नव्हतं ना!" त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळे हेच सांगतात. दुखत नाही तोवर येत नाहीत, आणि दुखायला लागलं की येऊन म्हणतात, काढून टाका."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. आपल्याकडे दंतवैद्याचं दार हे शेवटचं दार आहे. लवंग झाली, मीठ-हळद झाली, शेजाऱ्यांचे सल्ले झाले, की मग ते दार. खरं तर दात उपटण्याची विद्या फार जुनी आणि सोपी आहे. दात राखण्याची विद्या मात्र माणसाने हजारो वर्षं चाचपडत, चुकत, कधी जीव गमावून मिळवली आहे. त्या विद्येची गोष्ट आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

सुरुवात आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करू. आपण म्हणतो, दाताला कीड लागली. ही कीड आली कुठून? प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातदुखीचा एक मंत्र कोरलेला सापडला आहे. त्यात एक किडा देवाकडे जाऊन राहायला माणसाचे दात आणि हिरड्या मागून घेतो, अशी कथा आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत दात किडण्याच्या रोगाला कृमिदंतक असंच नाव आहे. चीनपासून युरोपपर्यंत सगळ्यांची हीच समजूत होती. दात पोखरलेला दिसतो, लाकूड भुंग्याने पोखरावं तसा. मग आत किडा असणारच, असा तो सरळ हिशेब.

तो किडा मी स्वतः 'पाहिलेला' आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या आठवडा बाजारात एक माणूस बसायचा. पुढ्यात निखारे, पाण्याची थाळी आणि एक नळी. तो भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचा आणि नळीने धूर दुखऱ्या दाढेला द्यायला सांगायचा. थोड्या वेळाने थाळीतल्या पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्यांसारखं काही तरंगताना दाखवायचा. "बघा, किडे पडले!" माझी अम्मा त्याच्यासमोर बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, डोळ्यांतून पाणी गाळत. किडे पडले, पैसे दिले गेले, आणि तिसऱ्या दिवशी दाढ पुन्हा ठणकायला लागली. पुढच्या बाजाराला त्याच माणसाने ती उपटली. मग दुसरी. मग तिसरी. चाळिशी ओलांडायच्या आत अम्माच्या डाव्या बाजूला चावायला दाढ उरली नव्हती.

पुढे वाचनात आलं, की हाच खेळ युरोपच्या बाजारांतही शतकानुशतकं चालत असे. तिथे भुईरिंगणीऐवजी खुरासनी ओव्याचं बी असायचं. दोन्ही वनस्पती वांग्याच्याच कुळातल्या. बी तापलं की फुटतं आणि आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो. तोच किडा! आमच्या बाजारातल्या थाळीतही याहून वेगळं काही नसणार. तो माणूस लबाड होता असंही मी म्हणणार नाही. कदाचित त्याचाही त्या किड्यांवर विश्वास असेल.

या किड्याला पहिला मोठा धक्का दिला पियेर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने. १७२८ साली त्याचा दंतशल्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया म्हणून तो ओळखला जातो. फोशारने किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि लिहून ठेवलं, की मला कुठेही किडे दिसले नाहीत. दात बिघडण्याचा दोष त्याने साखर आणि गोड पदार्थांवर ठेवला. किडलेला भाग खरवडून तिथे कथील किंवा शिशाचा पत्रा ठासून भरावा, असंही तो सांगतो. मात्र हाच थोर माणूस दातांच्या आरोग्यासाठी स्वतःच्या लघवीने चूळ भरायचा सल्लाही देतो! विद्येची वाट अशी वाकडीतिकडी असते.

पण मग दात पोखरतं कोण? हॉलंडच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली पाहिला होता आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव त्याला दिसले होते. त्या जीवांचा आणि किडीचा संबंध जोडायला पुढे दोनशे वर्षं लागली. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९० साली तो जोडून दाखवला. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ अन्नावर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळवतं. म्हणजे 'कीड' हा शब्द अगदीच खोटा नव्हता. फक्त किडा डोळ्यांना दिसणारा नव्हता, आणि धुराने पडणारा तर मुळीच नव्हता.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की दाताला छिद्र एका दिवसात पडत नाही. आधी आवरणावर खडूसारखा पांढरट डाग पडतो. त्या टप्प्यावर खाणं आवरलं, दात नीट घासले, फ्लोराइड मिळालं, तर लाळेतली खनिजं ती झीज भरून काढू शकतात. दात दुखतो तो कीड आतल्या नसेपाशी पोचल्यावर. 'दुखत नव्हतं ना' या माझ्या उत्तरातला वेडेपणा इथे आहे. दुखणं ही रोगाची सुरुवात नसते, ती बरीच पुढची पायरी असते.

दात स्वच्छ ठेवावेत हे मात्र जुन्या लोकांना जिवाणू न पाहताही कळलं होतं. सुश्रुताने दातण कसं असावं ते मापासकट सांगितलं आहे: बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड. कडू झाडांत कडुनिंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह. आमच्या घरात दादीकडे मिसवाक असायचं. ते पिलूच्या झाडाचं मूळ. अरबस्तानातून हजला जाऊन आलेलं कुणी खजुराबरोबर दोन-चार काड्या आणून द्यायचं. माझ्या उम्मतीला जड जाणार नसतं तर प्रत्येक नमाजापूर्वी मिसवाक करायची आज्ञा केली असती, अशा आशयाचं पैगंबरांचं वचन दादी आम्हा पोरांना ऐकवायची. कडुनिंब असो की पिलू, काडीचं टोक चावून कुंचला करायचा आणि दातांवरचा थर रोजच्या रोज काढायचा, ही अक्कल एकच. डुकराच्या केसांचा ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकात आला, आणि नायलॉनचा अमेरिकेत १९३८ साली.

पण याच घरांत दुसरीही एक चाल होती. राखुंडी आणि मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर चोळायची. अम्मा दिवसातून तीन वेळा मिश्री लावायची. गावातल्या सगळ्या जातीधर्मांच्या बायका लावायच्या. या बाबतीत गावात पूर्ण एकोपा होता. दात साफ होतात असं म्हणत, पण सुटायची नाही ती तंबाखूची तलफ. हिरड्या मागे सरत, दातांची मुळं उघडी पडत, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. दात राखायचं साधन म्हणून जे घराघरांत शिरलं, त्यानेच दात नेले.

आता थोडं थांबून दहाव्या शतकातल्या स्पेनमध्ये जाऊ. कॉर्डोव्हा हे तेव्हा ग्रंथालयांचं आणि हमामखान्यांचं शहर होतं. तिथे अबुल कासिम अल जहरावी नावाचा शल्यवैद्य होऊन गेला. त्याच्या 'अत् तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत, आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात त्याने दातांवरचं किटण खरवडण्याची हत्यारं चित्रं काढून दाखवली आहेत: सरळ, वाकडी, टोकदार, दातांच्या आतल्या बाजूला पोचणारी. रोग्याचं डोकं मांडीवर घ्यावं आणि किटण खरवडावं, एका दिवसात निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पण दात स्वच्छ होईपर्यंत सोडू नये, असं तो सांगतो. हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या घट्ट दातांना बांधावेत, हेही सांगतो.

त्याची एक सूचना मला फार आवडते. दात काढायची घाई करू नका, असं तो बजावतो. वेदना फसवी असते. रोगी भलत्याच दाताकडे बोट दाखवतो, तो चांगला दात निघतो, आणि दुखणं तिथेच राहतं. अडाणी न्हाव्यांच्या हातून असं होताना त्याने पाहिलं होतं. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतकं युरोपचे वैद्य त्यावर शिकले. आमच्या बाजारातल्या त्या माणसाने अम्माची तिसरी दाढ उपटली, ती दुखणारी नव्हती, असं ती पुढे आयुष्यभर म्हणायची. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोव्हात कळलेली गोष्ट आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती.

सुश्रुतानेही हे किटण ओळखलं होतं. त्याने दिलेलं नाव सुंदर आहे: दंतशर्करा. दातांच्या मुळांना इजा न करता ती काढावी, असं तो सांगतो. आज दवाखान्यात ज्याला स्केलिंग म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की हत्याराच्या जागी आता सूक्ष्म कंपनं देणारं यंत्र आलं आहे. 'स्केलिंग केलं की दात हलतात' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मीही ती बाळगून होतो. खरी गोष्ट उलटी आहे. किटणाखाली हिरडी सुजते, मग दात धरून ठेवणारं हाड झिजतं. दात सैल आधीच झालेला असतो, त्याला किटणाच्या पपडीने नुसता टेकू दिलेला असतो. पपडी निघाली की सैलपणा उघडा पडतो आणि दोष बिचाऱ्या डॉक्टरवर येतो. माझा पटाशीचा दात किडला नव्हता. अगदी चांगला होता. त्याच्याभोवतीचं हाड गेलं म्हणून तो गेला.

किडलेला दात कोरून दुरुस्त करावा, ही कल्पनाही आपण समजतो त्यापेक्षा फार जुनी आहे. बलुचिस्तानात मेहरगढ इथे उत्खननात सापडलेल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांमध्ये कोरून पाडलेली छिद्रं आढळली. काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. ते संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. मेहरगढचे कारागीर मणी घडवत, आणि मण्यांना भोकं पाडणाऱ्या गारगोटीच्या सामत्यानेच हे काम झालं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. छिद्रांच्या कडा पुढे चावण्याने झिजलेल्या आहेत. म्हणजे ती माणसं त्यानंतर जगली, त्याच दाढांनी जेवली. स्लोव्हेनियात सापडलेल्या साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका दातात तर मधमाश्यांचं मेण भरलेलं आहे.

आपण ज्याला 'चांदी भरणं' म्हणतो ते मिश्रण, म्हणजे चांदी, कथील आणि पारा, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून अमेरिकेत गेलं. तिथे त्यावरून दंतवैद्यांत मोठी भांडणं जुंपली. सोनं भरणारे प्रतिष्ठित डॉक्टर म्हणत, पारा विषारी. हे मिश्रण वापरणार नाही अशी लेखी शपथ त्यांच्या संघटनेने सभासदांना घ्यायला लावली. १८५६ साली ती संघटनाच मोडली. कारण उघड होतं. सोनं श्रीमंतांना परवडे, चांदीचं मिश्रण सामान्य माणसालाही. आज पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तेही मागे पडत चाललं आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ थांबवला. आता दाताच्या रंगाचं सिमेंट आलं आहे. पण त्या चांदीने दीड शतक गरिबांच्या दाढा राखल्या, हे विसरू नये.

नसेपर्यंत कीड गेली तरी दात वाचवता येतो, हे रूट कॅनालचं तंत्र. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग कानसून दाताच्या मुळातली नस साफ करायची बारीक सळई बनवली. मलायातल्या झाडाचा गटापर्चा नावाचा चीक १८६७ पासून ती पोकळी भरायला वापरला जाऊ लागला आणि आजही वापरतात. आजीबाईच्या बटव्यातली लवंगही दवाखान्यात पोचली आहे. तात्पुरतं सिमेंट कालवायला दंतवैद्य जे तेल वापरतात, ते लवंगेचं सत्त्व. त्या खोलीत शिरताच येणारा तो ओळखीचा वास त्याचाच.

पण हे सगळं असूनही माणूस त्या खुर्चीला घाबरत होता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. भूल नव्हती. १० डिसेंबर १८४४ च्या रात्री अमेरिकेत हार्टफर्ड गावी हसवणाऱ्या वायूचा एक करमणुकीचा खेळ होता. हा वायू हुंगून लोक नाचत, हसत. त्यातला एक जण बाकावर आपटला, पाय सोलवटला, तरी त्याला कळलंच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा तरुण दंतवैद्य होता. त्याने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः तो वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. वेदना झाली नाही. पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या डॉक्टरांसमोर त्याने प्रयोग केला, पण वायू पुरेसा दिला गेला नव्हता. रोगी ओरडला, आणि सभागृहाने वेल्सची टर उडवली. १८४६ साली त्याचाच जुना भागीदार मॉर्टन याने ईथर वापरून त्याच बॉस्टनमध्ये नाव कमावलं. वेल्स खचला. १८४८ च्या जानेवारीत, तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आयुष्य संपवलं. पॅरिसच्या वैद्यकसंस्थेने भुलेच्या शोधाचं श्रेय त्याला दिल्याची बातमी पोचली तेव्हा तो नव्हता. आज हिरडीत ती छोटी सुई टोचून घेताना आपण कुरकुरतो. ती सुई लागते, पण पुढचं काही लागत नाही, हे सुख फार महाग पडलेलं आहे.

आणि दात महाग पडलेत ते आणखीही एका अर्थाने. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा. खरी ती पाणघोड्याच्या दातांची आणि माणसांच्या दातांची होती. त्यांच्या घरच्या हिशेबात १७८४ साली नऊ दातांबद्दल काळ्या गुलामांना पैसे दिल्याची नोंद आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून त्यांच्या कवळ्या केल्या गेल्या. एका तोंडातले दात दुसऱ्या तोंडात जायचे, आणि जाण्याची दिशा नेहमी गरिबाकडून श्रीमंताकडे असायची.

म्हणूनच मला फ्लोराइडची गोष्ट जवळची वाटते. ती सगळ्यांच्या तोंडाची गोष्ट आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग होते, जन्मभर न जाणारे. कुणी त्याचं विशेष मनावर घेत नव्हतं. मॅकेने मात्र तीस वर्षं पाठपुरावा केला. त्याच्या लक्षात आलं, की हे दात दिसायला वाईट आहेत, पण किडत नाहीत. कारण पाण्यात असावं, हा त्याचा तर्क. अखेर १९३१ साली ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं. ते जास्त झालं तर डाग, बेताचं असलं तर किडीपासून संरक्षण. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ते बेताने मिसळायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दातांची कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली. त्यावर वादही झाले, अजून चालू आहेत. २०२५ साली युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड मिसळणं बंद केलं. टूथपेस्टमधलं फ्लोराइड मात्र जगभर घरोघरी पोचलं आहे.

आपला प्रश्न उलटा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या शाळांत तपकिरी पट्ट्यांचे दात घेऊन हसणारी, खरं तर हसू लपवणारी, मुलं दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर दीड, असं आपलं मानक सांगतं. जादा फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची 'नलगोंडा' पद्धत आपल्या नागपूरच्याच 'नीरी' संस्थेने तयार केली. अमेरिकेत जे घालावं लागतं ते इथे काढावं लागतं. तेव्हा पेस्ट कुठली हे विचारण्याआधी आपल्या गावाने पाणी कुठलं हे विचारलं पाहिजे.

भारतात ही विद्या शास्त्रशुद्धपणे शिकवायचं पहिलं काम केलं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. पूर्व बंगालात १८९० साली जन्मलेला, अलीगढला शिकलेला हा तरुण अमेरिकेत गेला. आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यक शिकून बाहेर पडला आणि बॉस्टनमध्ये लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम करून परतला. १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. पैसा उभा केला तो 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवून. गोड पेयांच्या गल्ल्यातून दातांचं कॉलेज, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. दंतवैद्यकाचं नियतकालिक, संघटना, विद्यार्थ्यांसाठी पुस्तक, सगळं त्यांनी उभं केलं. पुढे १९४९ साली ते महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केलं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यांच्याकडे शिकून आलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दातांचा दवाखाना उघडला. बाईमाणसाने बाईमाणसाच्या तोंडात बघावं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. देशाचा दंतवैद्यक कायदा १९४८ साली झाला. म्हणजे दात राखणारे शिकलेले हात आपल्याकडे येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली. बाजारातल्या निखाऱ्यांनी हजारो वर्षं राज्य केलं, त्याच्यापुढे शंभर वर्षं काहीच नाहीत.

अम्माला मी दंतवैद्याकडे नेलं तेव्हा मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडात चार दात उरले होते. डॉक्टर म्हणाले, हे दहा वर्षांपूर्वी आणायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वी मी काय करत होतो? गावोगावच्या संमेलनांत आईवरच्या कविता वाचत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. आईच्या हातांवर लिहिलं, डोळ्यांवर लिहिलं. तिच्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नाही. कवळी झाली. ती ती लग्नाकार्याला घालायची आणि एरवी वाटीत पाण्यात ठेवायची. भाजलेलं कणीस तिला फार आवडायचं. शेवटची काही वर्षं ती दाणे सोलून नातवंडांना द्यायची आणि त्यांचं चावणं बघत बसायची. हसताना पदर तोंडावर घ्यायची सवय कवळी आल्यावरही गेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याच डॉक्टरीणबाईंकडे माझ्या नातीला घेऊन गेलो. सात वर्षांची आहे; कायमच्या दाढा नुकत्याच वर आल्यात. दाढेच्या माथ्यावर ज्या खोल चिरा असतात, तिथे ब्रश पोचत नाही आणि कीड तिथूनच शिरते. बाईंनी दाढ कोरडी केली, एक जेल लावून धुतली, चिरांवर पातळ थर दिला आणि निळ्या उजेडाने तो घट्ट केला. याला सीलंट म्हणतात. १९५५ साली बुओनोकोर या संशोधकाला सुचलं, की लोखंडाला रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात आधी आम्ल लावतात, तसंच दाताला लावलं तर? त्या एका प्रश्नातून हे आलं. सुई नाही, कोरणं नाही. काही मिनिटांत काम झालं. नात खुर्चीतून उतरून म्हणाली, "एवढंच?"

हो, एवढंच. रात्री झोपताना एकदा घासायचं, जेवणांच्या अधेमध्ये गोड टाळायचं, वर्षातून एक-दोनदा दाखवून घ्यायचं, पांढरा डाग असतानाच उपचार घ्यायचा आणि तंबाखू तोंडात घालायची नाही. हजारो वर्षांच्या धडपडीचं सार एवढंच आहे, आणि त्यात फार पैसा लागत नाही. पैसा लागतो तो उशीर केल्यावर.

माझ्या पडलेल्या दाताच्या जागी आता कृत्रिम दात आहे. 'स' पुन्हा सरळ येतो. पण तो उच्चारताना जिभेला कळतं, की हा दात आपला नाही. तुमच्या घरात आज कुणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, कुणी एकाच बाजूने चावत असेल, कुणी हसताना पदर तोंडावर घेत असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका. त्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)